भद्रवाहची बाटली

डोडा जिल्ह्यात होतो तेव्हा भद्रवाहच्या उतारांवर मक्याच्या जागी लॅव्हेंडर आलेलं पाहिलं. सीएसआयआरच्या अरोमा मिशनने शेतकऱ्यांना रोपं दिली. जून-जुलैत फुलं कापायची आणि वाफेवर तेल काढायचं. शंभर किलो फुलांमागे जेमतेम लिटरभर. तिथली एक छोटी बाटली आजही माझ्या उशाशी असते. दोन थेंब लॅव्हेंडर, एक थेंब गुलाबाचं तेल, चमचाभर खोबरेल. (नुसतं लावू नका, कातडीची आग होते.) मनगटावर चोळलं की श्वास संथ होतो. बायको म्हणते, फौजी माणसाला हे कसले नखरे!

नखरे नाहीत, पण औषधही नाही. अंग सैल पडतं, एवढंच. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी अजून रात्री दचकून उठत असेल तर तेल खुशाल लावा, पण डॉक्टरांनाही गाठा. आमचा एक हवालदार चकमकीनंतर रात्र रात्र जागायचा. मी त्याला अशीच बाटली दिली आणि निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी तोच म्हणाला, "साब, वास छान आहे, पण झोप नाही." मग कुठे त्याला एमओकडे नेलं. ते तीन आठवडे माझ्यामुळे गेले.