संशोधनाची लेखणी कोणाच्या हाती?

इंग्लंडमधील आमच्या दवाखान्यात काही वर्षांपासून पूर्व स्लोवाकियातून आलेली रोमा कुटुंबे उपचारासाठी येतात. २००४ साली स्लोवाकिया युरोपीय संघात सामील झाल्यानंतर कामधंद्याच्या शोधात हे लोक शेफिल्डसारख्या शहरांत स्थायिक झाले. एकदा एक वृद्ध रोमा स्त्री नातीसह तपासणीस आली. दुभाषी उपलब्ध नव्हता. तिने प्रथम डोळ्याकडे बोट दाखवून 'याख' म्हटले, नाकाकडे दाखवून 'नाख', आणि मग दुखरा कान धरून चक्क 'कान' असे म्हटले. थोड्या वेळाने तिने 'पानी' मागितले. चाळीस वर्षांपूर्वी मराठवाड्यातील आमच्या आजीने मागितले असते, अगदी तसेच.

त्या दिवसापासून आम्ही या लोकांविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता प्रेशोव्ह नावाच्या एका दूरच्या गावातील विद्यापीठाशी आमचा ग्रंथरूपाने परिचय झाला. त्या परिचयातून जे विचार मनात आले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रेशोव्ह हे स्लोवाकियाच्या पूर्व भागातील, लाखाच्या आतील वस्तीचे शहर. राजधानी ब्रातिस्लाव्हा देशाच्या दुसऱ्या टोकास. येथील विद्याशाखा १९५९ साली स्थापन झालेल्या पावोल योझेफ शाफारिक विद्यापीठाचा भाग होत्या. त्या विद्यापीठाचे मुख्य ठाणे शेजारच्या कोशित्से शहरी होते. १ जानेवारी १९९७ रोजी प्रेशोव्हचे विद्यापीठ स्वतंत्र झाले. आज त्याच्या छत्राखाली मानव्यविद्या, शिक्षणशास्त्र, निसर्गविज्ञान, व्यवस्थापन, क्रीडा व आरोग्यसेवा अशा शाखा आहेत, आणि त्यांच्या जोडीला ऑर्थोडॉक्स व ग्रीक-कॅथलिक अशी दोन वेगवेगळ्या पंथांची धर्मशास्त्राची विद्यालयेही आहेत. एका दालनात परिचारिका व सुईणी घडविल्या जातात, दुसऱ्यात जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास चालतो, तिसऱ्यात वस्त्यांचे नकाशे तयार होतात. मोठ्या राजधानीस शोभावे असे हे वैविध्य एका आडबाजूच्या गावी नांदते.

या वैविध्यातील एक अंग आम्हांस विशेष मोलाचे वाटते. या विद्यापीठात राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या भाषा व संस्कृती यांचे स्वतंत्र केंद्र आहे, आणि रुसिन, हंगेरियन व रोमा या तीन समाजांचा अभ्यास तेथे चालतो. रुसिन हे कार्पेथियन डोंगरातील शेतकरी व मेंढपाळ लोक. चित्रकार अँडी वॉरहॉल यांचे आईवडील याच समाजातील. स्लोवाकियातील रुसिन भाषेला प्रमाण लेखनरूप मिळाले ते १९९५ साली, आणि २००८ साली प्रेशोव्ह येथे या भाषेची संस्था उभी राहिली. ज्या भाषेला कालपर्यंत डोंगराळ बोली म्हणून हिणविले जाई, तिच्यात आज प्रबंध लिहिले जातात.

यावर कोणी म्हणेल की, अशा संशोधनाने कोणाचे पोट भरते? गरीब प्रांताच्या विद्यापीठाने यंत्रे, औषधे व संगणक यांचाच ध्यास धरावा. हा आक्षेप क्षुल्लक नाही. आम्ही स्वतः वैद्यकाचे विद्यार्थी असल्याने अनेक वर्षे याच मताचे होतो. तथापि पुढील उदाहरणाने आमचे मत बदलले.

स्लोवाकियाच्या २०११ च्या जनगणनेत स्वतःस रोमा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे १ लाख ५ हजार भरली. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, रोमा वस्त्यांचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या या कामात प्रेशोव्ह विद्यापीठाच्या अभ्यासकांचा वाटा होता. त्यांनी गावोगावची माहिती गोळा केली, आणि रोमांची संख्या ४ लाखांच्या वर असल्याचा अंदाज निघाला. पाणी कोठे आहे, सांडपाण्याची सोय कोठे नाही, वस्ती गावात आहे की गावाबाहेर, हेही त्यात नोंदविले गेले. जनगणनेत आपली खरी ओळख लिहिण्यास माणूस का कचरतो, हे आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत कागदावर काय लिहावे, या पेचात आपल्या किती घरांनी रात्री काढल्या! ज्यांची मोजदाद होत नाही, त्यांच्या वस्तीपर्यंत नळ पोहोचत नाही. भूगोलाच्या अभ्यासकाने काढलेला नकाशा म्हणूनच औषधाइतका उपयुक्त ठरू शकतो.

कोशित्सेच्या मूळ विद्यापीठातील वैद्यकीय अभ्यासकांनी २०११ च्या सुमारास पूर्व स्लोवाकियात एक पाहणी केली. सुमारे साडेचारशे रोमा व सुमारे चारशे बिगर-रोमा स्त्रीपुरुषांची त्यांनी तपासणी केली. हिपॅटायटिस बी या यकृतविकाराचा संसर्ग रोमा वस्त्यांत कितीतरी अधिक आढळला. असा निष्कर्ष हाती आला की दोष त्या माणसांच्या रक्तास वा रीतिभातीस देण्याचा मोह होतो. परंतु दाटीवाटीची घरे, अपुरे पाणी आणि उपचारांपासून असलेले अंतर यांचा हिशेब मांडल्यावाचून तो आकडा अपुराच राहतो. यकृताचा अभ्यास करणाऱ्यास वस्तीचा नकाशा काढणाऱ्याची सोबत हवी, आणि दोघांनाही तेथील भाषा जाणणाऱ्याची. विद्येच्या वैविध्याचे प्रयोजन आमच्या मते हेच आहे.

भाषाशास्त्राने या समाजास जे दिले, ते तर अपूर्व आहे. रोमानी भाषा भारतीय कुळातील आहे, हे १७८२ साली र्‍युडिगर या जर्मन विद्वानाने हिंदुस्थानी भाषेशी तुलना करून दाखविले. दिवसाला 'दिवेस', दुधाला 'थुद', मिठाला 'लोन', माणसाला 'मनुष' हे शब्द त्याची आजही साक्ष देतात. एक ते सहा हे आकडे आपल्याकडचे, तर सात, आठ, नऊ यांना 'एफ्ता, ओख्तो, एन्या' असे ग्रीक शब्द आहेत. हजारएक वर्षांपूर्वी भारत सोडलेल्या लोकांचा मार्ग त्यांच्या बोलण्यातच जतन झाला आहे. ज्यांच्यापाशी शिलालेख नाहीत, बखरी नाहीत, त्यांचा इतिहास भाषेतून असा वाचता येतो.

एवढे गुणगान केल्यावर उणिवेविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रेशोव्हपासून फार दूर नसलेल्या शारिश्स्के मिखाल्यानी या गावी शाळेत रोमा मुलांचे वर्ग वेगळे ठेवले जात. हा भेदभावच आहे, असा निर्णय प्रेशोव्हच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१२ साली दिला. शाळांतील अशाच विलगीकरणाबद्दल २०२३ च्या एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाने स्लोवाकियास युरोपीय न्यायालयात खेचले. प्रेशोव्हच्याच एका सरकारी रुग्णालयात २००० साली एका तरुण रोमा स्त्रीची प्रसूतीच्या वेळी पुरेशा संमतीवाचून नसबंदी केली गेली. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, आणि स्लोवाक सरकारने अशा स्त्रियांची जाहीर क्षमा मागितली ती २०२१ मध्ये. डॉक्टर म्हणून आम्हांस ही हकीकत वाचताना लाज वाटली. विद्यापीठाच्या दारात हे सर्व घडू शकते, याचा अर्थ असा की केवळ अभ्यासाचा विषय होण्याने कोणाची मुक्तता होत नाही.

प्रश्न लेखणी कोणाच्या हाती आहे, हा आहे. प्रेशोव्हजवळच्या वेल्की शारिश येथील रोमा वस्तीत १९२१ साली एलेना लाट्स्कोवा जन्मल्या. महायुद्धातील आपल्या लोकांच्या छळावर त्यांनी नाटक लिहिले, आणि १९७० साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, प्राग येथून विद्यापीठाची पदवी मिळविली. स्लोवाकियातील पदवीधर झालेली पहिली रोमा स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांचे आत्मकथन १९९७ साली प्रसिद्ध झाले. ते शब्दांकित केले मिलेना ह्युब्शमानोवा या, हिंदी शिकून रोमानीकडे वळलेल्या चेक विदुषीने. दोघींच्या मैत्रीतून जे पुस्तक सिद्ध झाले, ते शंभर सर्वेक्षणांहून अधिक बोलके आहे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात जातींवरील निबंध वाचला, तेव्हाही हेच घडले होते. ज्याने सोसले, त्यानेच सिद्धान्त मांडला. हा धागा त्या प्रदेशालाही अपरिचित नाही. स्लोवाकियाच्या सीमेलगतच्या हंगेरियन प्रांतात, शायोकाझा या गावी, २००७ साली रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू झाली.

आता थोडे आपल्याविषयी. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलांपुढे आपण दोनच दारे उघडी ठेवतो, वैद्यकाचे आणि संगणकाचे. आमच्या कन्येने इतिहास शिकण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा आम्ही तिला परावृत्त केले. ती आज उत्तम पगार मिळविते. परंतु आपल्या पणजोबांनी कोणत्या गावकुसाबाहेर आयुष्य काढले, हे लिहून ठेवणारे आमच्या घरात कोणी नाही. ही चूक आमची आहे, आणि ती अन्य घरांत होऊ नये एवढीच तळमळ आहे.

म्हणून आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीस आमची नम्र सूचना आहे की, दरवर्षीच्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक भाषा, इतिहास, भूगोल वा समाजशास्त्र यांत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. त्याने नामवंत विद्यापीठच निवडावे, असा आग्रह नको. एखादे प्रेशोव्ह त्यास चालेल, मराठवाड्यातील वा विदर्भातील एखादे विद्यापीठही चालेल. आपल्या वृद्ध मातापित्यांच्या तोंडी जे शब्द, ज्या ओव्या आणि ज्या आठवणी आहेत, त्या त्यांच्यासमवेत संपण्यापूर्वी कोणीतरी उतरवून घेतल्या पाहिजेत. आणि ते काम परक्याने येऊन करावे, याची वाट आपण आणखी किती काळ पाहणार?