विश्लेषण : ‘शिव’ की ‘सिव’? शिवराईचा ठसा ओळखायचा कसा आणि कशासाठी?

पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर भागातल्या गणपती कारखान्यांत एक गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. दोन मूर्ती एकाच साच्यातून निघाल्या की वेगवेगळ्या, हे मुरलेला कारागीर रंग चढण्याआधीच सांगतो. साच्याच्या आत टवका उडाला असेल तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीवर त्याच जागी उंचवटा येतो. साचा जुना झाला की बोटांच्या, दागिन्यांच्या रेषा बुजत जातात. तांब्याच्या जुन्या नाण्यांचे ठसे ओळखण्यामागचे तत्त्व हेच आहे. पण याच जिल्ह्यातल्या देव्हाऱ्यांत आणि जुन्या डब्यांत पडून असलेल्या शिवराई नाण्यांची चर्चा होते ती मोबाइलवर, आणि तीही एकाच प्रश्नाची : याचे किती मिळतील? हा प्रश्न चुकीचा नाही. मात्र तो पहिला विचारला की बाकीची सगळी माहिती कायमची हातातून जाते.

शिवराईवर काय असते आणि काय नसते?

छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडले गेलेले हे तांब्याचे नाणे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांची कड. सोन्याचा होन दुर्मीळ, पण शिवराई बाजारात खेळणारे नाणे. मीठ, तांदूळ, भाजी अशा रोजच्या व्यवहारातले.

घोटाळा पुढे आहे. महाराजांच्या नावाचे हे नाणे महाराजांनंतरही पाडले जात राहिले. छत्रपती शाहूंच्या काळात, पेशवाईत आणि इंग्रजी अंमल आल्यावरही काही काळ. नाव तेच, मजकूर तोच. नाण्यावर साल नाही, टांकसाळीचे नाव नाही. दोन दांड्यांची खूण असलेली ‘दुदांडी’ शिवराई पेशवाईच्या उत्तरार्धातली आणि नंतरची मानली जाते, तेवढा एक आधार. बाकी नाणे मुके. त्यामुळे ‘शिवकालीन’ हे लेबल लावणे सोपे आणि सिद्ध करणे अवघड. समाजमाध्यमांवर विकायला ठेवलेली जवळपास प्रत्येक शिवराई ‘शिवकालीन’च असते, हा काही योगायोग नाही.

ठसा म्हणजे नेमके काय?

खालचा ठसा ऐरणीसारख्या ठोकळ्यात घट्ट बसवलेला. त्यावर तांब्याची चकती. वरून दुसरा ठसा धरायचा आणि त्यावर घण हाणायचा. एका घावात दोन्ही बाजू उमटतात. घाव थेट वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर झिजतो किंवा तडकतो. मग वरचा नवा, खालचा मात्र जुनाच, अशी जोडी तयार होते. काही दिवसांनी खालचाही बदलतो. म्हणजे नाण्यांची एक साखळी तयार होते : ‘क’ ठशाशी पहिल्यांदा ‘च’ जोडलेला, मग ‘छ’, मग ‘छ’शी नवा ‘ख’. साल लिहिलेले नसले तरी कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, याचा क्रम या साखळीतून लावता येतो.

ठशावरची अक्षरे हाताने उलटी कोरलेली असत. एकाच माणसाने दोन ठसे कोरले तरी ते तंतोतंत सारखे येत नाहीत. ‘श्री’ची वेलांटी कड्याच्या कोणत्या ठिपक्याकडे रोखलेली आहे, ‘राजा’चे दोन काने समांतर आहेत की खाली फाकलेले, ‘छ’चा पोट भाग ‘त्र’ला टेकतो का, ही ठशाची ओळख. अक्षराचा आकार एकटा पाहून भागत नाही, अक्षरांमधली जागा पाहावी लागते. झिजेने अक्षर जाड-बारीक होते, पण त्याची जागा हलत नाही.

आणखी एक अडचण. ठसा बहुतेकदा चकतीपेक्षा मोठा असे. एका नाण्यावर ‘श्री’ अर्धी कापलेली, दुसऱ्यावर ‘शिव’चा ‘व’ गायब. पूर्ण ठसा कसा होता हे कळायला एकाच ठशाची चार-पाच नाणी शेजारी ठेवावी लागतात. म्हणजे एकटे नाणे फारसे बोलत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

उंच की खोल?

नवख्या माणसाने एकच कसोटी पक्की करावी. ठशाला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेष वर उठलेली दिसते. नाणे पाडल्यानंतर पडलेला ओरखडा मात्र आत गेलेला असतो. पहिली खूण त्या ठशाच्या सगळ्या नंतरच्या नाण्यांवर सापडेल, दुसरी फक्त त्या एका नाण्याची. एखादी छिन्नीची खूण किंवा दागिना करताना पाडलेले भोक म्हणजे ‘दुर्मीळ प्रकार’ नव्हे.

मोबाइलच्या फोटोत उंच आणि खोल यांची गफलत सहज होते. उपाय साधा आहे : नाणे जागेवर ठेवून टॉर्च आधी डावीकडून, मग उजवीकडून अगदी तिरपी मारायची आणि दोन फोटो काढायचे. सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहिले की शंका मिटते. दोन नाण्यांचे फोटो एकाच मापाचे करून एक अर्धपारदर्शक केला आणि दुसऱ्यावर ठेवला, तर ठसा एकच आहे का हे बऱ्याचदा तिथेच कळते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

‘सिव’ असेल तर जास्त किंमत?

‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ किंवा ‘छत्रपति’, ‘छत्रपती’ असे लेखनभेद शिवराईवर खरोखर आढळतात. संग्राहक त्यांना प्रकार म्हणतात आणि बाजार त्यावर भाव लावतो. पण लेखनभेद आणि ठसाभेद एक नव्हेत. ‘सिव’ लिहिलेले दहा वेगळे ठसे असू शकतात, आणि एकाच टांकसाळीत एक कोरणारा ‘शिव’ लिहीत असेल तर दुसरा ‘सिव’. अठराव्या शतकातल्या कारागिराकडून आजच्या शुद्धलेखनाची अपेक्षा करायची आणि मग त्याच्या ‘चुकी’ला हजारांचा भाव लावायचा, हा व्यवहार गमतीचा आहे. केवळ ऱ्हस्व-दीर्घावरून नाणे अमुक राजाचे ठरवणे तर त्याहून कच्चे.

नागोठण्याचे नाणे कोणते?

या प्रश्नाचे खरे वजन पेण-रोह्यातच कळते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतल्या चलनावर आणि टांकसाळींवर निबंध लिहिला. त्यात पेशव्यांच्या कागदपत्रांतून आलेली एक नोंद आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला नागोठण्याचे बाळाजी बापूजी आणि रेवदंड्याचे बहिरो राम दातार यांना तांब्याची नाणी पाडण्याचे परवाने दिले गेले होते. नागोठणे आज रोहा तालुक्यात आहे, पेणहून महामार्गाने थोडेच दक्षिणेला. म्हणजे या पट्ट्यात टांकसाळ चालवण्याचा हक्क घेतलेली माणसे होती, हे कागदावर आहे.

पण त्यांची नाणी कोणती? नाण्यावर ना नागोठणे लिहिलेले ना रेवदंडा. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेने १९८९मध्ये प्रसिद्ध केला. अभ्यासक आजही तो उघडतात. तरी स्थानिक तांब्याच्या नाण्यांची गावनिहाय विभागणी ग्रंथालयात बसून होणारी नाही. त्याला एकच रस्ता आहे. समजा एकाच ठशाच्या शिवराया जोहे, वडखळ, नागोठणे, रोहा इथल्या जुन्या घरांत वारंवार दिसल्या आणि पुणे-साताऱ्याकडे क्वचितच, तर ती साखळी इथल्या टांकसाळीची असण्याचा दावा उभा राहतो. तांब्याचे सुटे नाणे सोन्याइतके दूर फिरत नाही.

आणि हीच माहिती सगळ्यात आधी मरते. नाणे जोह्याच्या घरातून पेणच्या दुकानात, तिथून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे आणि मग लिलावाच्या पानावर जाते. तिथे ‘सिव’ हा लेखनभेद नोंदवला जातो, गावाचे नाव नाही. ‘सिव’ तर नंतर कुणीही वाचू शकतो. गाव पुन्हा कुठून आणणार?

किती नाणी पाहिली की पुरे?

यासाठी एक सोपे गणित आहे. समजा ६० नाण्यांच्या एका बाजूचे ठसे जुळवले आणि त्यातली ४५ नाणी अशी निघाली की त्यांचा ठसा एकदाच दिसला. ६०तून ४५ वजा, उरले १५. ६०ला १५ म्हणजे पाव. याचा अर्थ, पुढचे नाणे आधी पाहिलेल्या ठशाचे निघण्याची शक्यता सुमारे चारात एक. काम अजून सुरूच झालेले नाही. एकट्या ठशांची संख्या ५ वर आली तर मात्र चित्र जवळपास पूर्ण. मोजक्या ‘चांगल्या’ नाण्यांचा संग्रह इथे निरुपयोगी. झिजलेली, कुणालाही नको असलेली नाणीच हवीत.

अमेरिकेने हे कसे केले?

तिथे १७९३ ते १८१४ या काळातल्या तांब्याच्या मोठ्या सेंटचे ठसे विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये एका पुस्तकात क्रमांक लावून मांडले. क्रमांक २९५ पर्यंत गेले. हौशी लोक आजही त्याच क्रमांकांनी बोलतात. पुढे उघड झाले की याच शेल्डननी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली शंभराहून अधिक चांगली सेंट नाणी काढून घेऊन त्या जागी त्याच ठशांची कमी प्रतीची ठेवली होती. ठसा तोच, म्हणून वरवर काही कळत नव्हते. पकडले गेले ते जुन्या फोटोंमुळे. प्रत्येक नाण्यावरचे ओरखडे, डाग फोटोत होते आणि ते जुळेनात. ठसा नाण्याचे कूळ सांगतो, ओरखडा त्या नाण्याची व्यक्तिगत ओळख. नोंदीत दोन्ही लागतात.

बनावट शिवराई कशी कळते?

इथे पुन्हा साच्याचे ज्ञान कामी येते. घणाने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण त्यांच्या चकतीचा आकार, काठावरची चीर, ठसा सरकलेली बाजू आणि झीज सारखी असणे अशक्य. ती सारखी दिसली तर किमान एक नाणे दुसऱ्यावरून साचा घेऊन ओतलेले आहे. ओतीव नाण्यावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोके आणि काठावर सांध्याची रेष दिसू शकते, जरी ती घासून घालवलेली असली तरी.

जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली शुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये इशारा दिला होता. आपले नाव वापरून असे शुल्क मागण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले होते. तरी ‘आधी नोंदणी फी भरा’ म्हणणारे फोन येतातच.

मग घरात शिवराई असेल तर?

ती चिंच-लिंबाने घासू नये. त्यासोबत पृष्ठभागावरच्या बारीक खुणाही जातात. दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, शेजारी पट्टी, सोनाराच्या काट्यावरचे वजन, आणि नाणे कुठल्या गावात कुणाकडून आले याची एक ओळ, एवढी नोंद करावी. तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने अशा नोंदी एकत्र केल्या तर खर्च नगण्य आहे. नाणी मालकाच्या घरीच राहतात, फक्त फोटो जमतात. आजवर हे व्हायला हवे होते.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे; लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते, ते खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही. देशातल्या देशात घरचे नाणे विकायचेच असेल, तर फोटो आणि गावाची ओळ असलेल्या नोंदीची एक प्रत घेणाऱ्याच्या हाती द्यावी आणि एक आपल्याकडे ठेवावी.