अंदाजपंचे दाहोदर्शे, आणि वर पेशंटलाच दम

अँटिबायोटिकचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं प्रवचन सुरू होतं. लोक मनाने गोळ्या घेतात, बरं वाटलं की कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून जंतू माजले आणि औषधं निकामी झाली. दर नोव्हेंबरात १८ ते २४ तारखेला याचा जागतिक सप्ताह असतो, तेव्हा हेच प्रवचन भिंतीवर चिकटवतात. वाचणारा मान डोलावतो आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहतो.

मंडळी, मला या प्रवचनाचा राग येतो. त्यात खोटं फारसं नाही, पण ते सोयीचं फार आहे. हॉस्पिटलात भरती झालेला माणूस स्वतःचं औषध स्वतः निवडत नाही. सलाईनमधून काय गेलं, लघवीची नळी किती दिवस राहिली, शेजारच्या खाटेवरचा पेशंट तपासून आलेल्या हातांना साबण लागला की नाही, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. आणि सगळ्यात भयंकर जंतूंचा मुक्काम असतो तो तिथेच. तेव्हा दम द्यायचाच असेल तर योग्य माणसाला द्या.

आमच्या वाणगावात हा विषय समजावून सांगायला डॉक्टर लागत नाही. मिरचीच्या वाडीत काम केलेल्या कोणालाही विचारा. फुलकिडे आले, एक फवारा मारला, गेले. पुढच्या वेळी तेच औषध, जरा जास्त. काही हंगामांनी किडे त्याच औषधात आंघोळ करून पुन्हा पानावर हजर! जे मरायचे ते मेले, जे तगले त्यांचीच पिलावळ उरली. जंतूंचं हेच आहे, फक्त त्यांची पिढी वीस-तीस मिनिटांची असू शकते. शिवाय त्यांना एक जास्तीची कला येते. औषध पचवायची युक्ती ते एका जातीतून दुसऱ्या जातीला देतात, शेजारणीने पापडाची कृती चिठ्ठीवर लिहून द्यावी तशी. या चिठ्ठीला प्लास्मिड म्हणतात.

पण आमचा शेतकरी फवारायच्या आधी पान उलटून बघतो, कीड कुठली ते. हॉस्पिटलात पान उलटून बघण्याला कल्चर म्हणतात. रक्त, लघवी किंवा जखमेतला पू घ्यायचा, त्यातले जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, मोकळं कडं दिसतं, ते औषध लागू. दोन-तीन दिवसांचं काम. नमुना मात्र पहिल्या डोसच्या आधी घ्यायला हवा, कारण औषध एकदा रक्तात भिनलं की बाटलीत जंतू उगवेलच याची खात्री राहत नाही.

हे किती वेळा होतं? राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातल्या २० मोठ्या हॉस्पिटलांची पाहणी केली. ९,६५२ पेशंट तपासले. त्यातल्या ७१.९ टक्क्यांना अँटिबायोटिक चालू होतं. निम्म्याहून जास्त वेळा ते संसर्ग झालेला नसताना, होऊ नये म्हणून दिलेलं. आणि नेमका जंतू ओळखून त्यावर बेतलेलं औषध? फक्त ६ टक्के. बाकी सगळं अंदाजपंचे दाहोदर्शे. आणि ही मोठी हॉस्पिटलं, जिथे प्रयोगशाळा त्याच इमारतीत असते!

आता आमच्या भागाकडे या. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, पण पेशंटचा रस्ता काही बदलला नाही. आधी गावातला डॉक्टर, तो एक सुई मारतो. उतार नाही पडला तर बोईसरचं नर्सिंग होम, तिथे सलाईनमधून दुसरं औषध. तिथेही नाही जमलं तर कोणी वापीला, कोणी सिल्वासाला, कोणी मुंबईला. प्रत्येक टप्प्यावर औषध आधीच्यापेक्षा भारी. आधीच्या टप्प्यावर काय दिलं ते पुढच्याला नीट कळतच नाही.

आमच्याच घरातलं सांगतो, नात्यातल्या मंडळींना आठवत असेलच. दोन वर्षांपूर्वी आतोबांना लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप आला. सत्तरीचं वय, त्यात डायबिटीस. गावात तीन दिवस इंजेक्शन. मग नर्सिंग होम, तिथे लघवीची नळी आणि आणखी दोन औषधं, शेवटी मेरोपेनेम. नवव्या दिवशी अँब्युलन्सने मुंबई. सोबतच्या चिठ्ठीवर आधीच्या उपचारांबद्दल तीन शब्द होते, "हायर अँटिबायोटिक्स गिव्हन". कुठली, किती, किती दिवस, काही नाही. पहिलं कल्चर झालं ते मुंबईत, दहाव्या दिवशी. रिपोर्ट आला तो क्लेब्सिएलाचा. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर रेझिस्टंट, एक कोलिस्टिन सोडून. कोलिस्टिन १९४९ साली जपानात सापडलेलं औषध. किडनीला मारक म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी बाजूला ठेवलं होतं. दुसरं काही चालेना म्हणून त्याला परत कामावर बोलावलंय. आतोबा एकतीस दिवसांनी घरी आले. किडनी अर्धी गेली, आत्याच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या.

तो जंतू आतोबा घरून घेऊन गेले होते की नळीतून त्यांना लागला, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी कोणी बघितलंच नाही ना! आणि तरीही मुंबईच्या वॉर्डात एका तरुण डॉक्टरने आत्यालाच सुनावलं, "तुम्ही लोक गोळ्या अर्ध्यावर सोडता." आतोबांनी एकही गोळी अर्ध्यावर सोडलेली नव्हती. सोडायला त्यांना शुद्ध तर हवी.

हा एकट्या आतोबांचा किस्सा असता तर लिहिलं नसतं. आयसीएमआरच्या २०२१ च्या अहवालात मोठ्या हॉस्पिटलांमधली आकडेवारी आहे. इमिपेनेम या भारी औषधाला दाद न देणारे ई. कोलाय २०१६ साली १४ टक्के होते, २०२१ साली ३६ टक्के झाले. आयसीयूमध्ये खाटेच्या दांड्यावर आणि मशीनच्या बटणांवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहणारा ॲसिनेटोबॅक्टर तर ८७.५ टक्के वेळा या गटाला जुमानत नव्हता. लॅन्सेटमधल्या जागतिक अभ्यासाशी जोडलेल्या गणितानुसार २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे २ लाख ९७ हजार माणसं केवळ औषध लागू न पडल्यामुळे गेली.

बरं, हे आपल्याला कळलं कधी? २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये असाच एक क्लेब्सिएला सापडला. तो पेशंट त्याआधी दिल्लीत हॉस्पिटलात राहिला होता, म्हणून जंतूच्या त्या हत्याराला नाव पडलं न्यू दिल्ली, म्हणजेच एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकात त्यावर मोठा लेख आला आणि आपल्याकडे केवढा गहजब! नावाला आक्षेप, देशाची बदनामी, मेडिकल टूरिझम बुडवायचा डाव वगैरे वगैरे. पण त्याच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या मासिकात स्वतःच लिहिलं होतं की ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ मध्ये सापडलेल्या अशा २४ जंतूंपैकी २२ एनडीएम-१ वाले होते. त्याच अंकात चेन्नईच्या डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिकांचा मृत्युलेख लिहिला होता. आपल्याच माणसांनी मोजून सांगितलं तेव्हा सगळे गप्प होते. नावात दिल्ली आल्यावर मात्र जाग आली.

मोजायचं नाही, हा खरा रोग आहे. मेडिकलवाल्याचं बघा. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. मेरोपेनेमसारखी औषधं विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या वहीत लिहून वही तीन वर्षं जपायची, असा कायदा. चांगला कायदा आहे. पण वही भरून कपाटात राहते. तालुक्यात महिन्याला कुठलं औषध किती खपलं याची बेरीज त्या वह्यांवरून करून लोकांसमोर मांडायची, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. वाणगावपासून पुढच्याच स्टेशनला, बोईसरला उतरलात की तारापूर एमआयडीसी. औषधांचा कच्चा माल बनवणारे कितीतरी कारखाने तिथे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले होते, देशात पहिला नंबर! सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं म्हणून मांगेला समाजाची माणसं हरित लवादापर्यंत गेली. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला, कारखान्याच्या सांडपाण्यात १२१ अँटिबायोटिकांचा अंश किती चालेल याची मर्यादा ठरवणारा. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले, त्यातून ही मर्यादाच गळाली. म्हणजे पाण्यातलंही मोजायचं नाही. पेशंटने मात्र गोळ्या मोजून घ्यायच्या!

आता यावर ठरलेली उत्तरं येतील. पेशंट तापाने फणफणलेला असताना तीन दिवस रिपोर्टची वाट बघायची का? मुळीच नाही. नमुना घ्या, दहा मिनिटांत औषध सुरू करा आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून ते बदला किंवा बंद करा. दुसरं, कल्चर परवडत नाही. मेरोपेनेमच्या एका दिवसाच्या तीन डोसांचं बिल आणि कल्चरचं बिल शेजारी ठेवा आणि मग बोला. तिसरं, कोर्सचं काय? टीबीचा कोर्स पुराच करायला हवा, त्यात वाद नाही, आणि मनाने औषध बंद करू नये हेही खरं. पण गरजेपेक्षा लांबलेला कोर्सच जंतूंना शहाणा करतो, असं तज्ज्ञांनीच २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलंय. चौथं, नवीन औषधं येतील की! येऊ देत. २०२४ च्या नोव्हेंबरात नॅफिथ्रोमायसिन हे भारतात तयार झालेलं अँटिबायोटिक जाहीर झालं, आनंदच आहे. तेही अंदाजाने वाटलं तर त्याचीही गत तीच होणार.

डॉक्टरांवर माझा राग नाही. दिवसाला शंभर पेशंट बघणाऱ्या, जवळ प्रयोगशाळा नसलेल्या डॉक्टरने अंदाज बांधला तर त्याला दोष देऊन काय उपयोग? राग आहे तो या व्यवस्थेवर. तिने त्याच्या हातात मेरोपेनेम पोचवलं, पण कल्चरची बाटली पोचवली नाही. मुंबईला दूध जातं, मिरची जाते, चिकू जातात, सगळं वेळेवर. रक्ताची एक बाटली रोजच्या रोज प्रयोगशाळेत जाऊ शकत नाही?

म्हणून मागण्या साध्या आहेत. भरती पेशंटचा नमुना पहिल्या डोसच्या आधी घ्यायचा. पुढे पाठवताना चिठ्ठीवर प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव, डोस आणि तारखा लिहायच्या. तालुक्याच्या पातळीवर नमुने गोळा करून रोज जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेण्याची सोय करायची. आणि प्रत्येक हॉस्पिटलने दर महिन्याला किती पेशंटना भरती झाल्यावर नवा संसर्ग झाला, तो आकडा दारावर लावायचा. खाटेचं भाडं किती हे आपल्याला आधी कळतं, तर खाटेवर काय चिकटलंय तेही कळू द्या. आणि १२१ औषधांची ती मर्यादा पुन्हा नियमात आणायची.

तोवर आपल्या हातात काय? भरती असलेल्या आपल्या माणसाजवळ बसाल तेव्हा तीन गोष्टी विचारा, नम्रपणे पण विचारा. कल्चर पाठवलं का? नळी अजून हवी आहे का? आणि तपासायच्या आधी हात धुणार का? डॉक्टर कदाचित चिडतील. चिडू देत. घरात जुनी फाईल असेल तर तीही काढा आणि दोन तारखा शोधा, पहिल्या अँटिबायोटिकची आणि पहिल्या कल्चरची. आतोबांच्या फाईलमध्ये त्या दोघींत नऊ दिवसांचं अंतर आहे. तुमच्याकडे किती निघतं ते मलाही कळवा.