विश्लेषण : रोही मारण्याची परवानगी मिळाली, पण बंदूक कोणती?

पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याची परवानगी शेतकऱ्याला मिळू शकते. मात्र कोणती बंदूक, कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या हाती, याकडे फारसे कोणी पाहत नाही. खरा धोका तिथेच आहे.

सोयाबीन शेंगांवर आले किंवा हरभरा घाट्यांवर आला, की नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याची रात्र धुऱ्यावर जाते. काटोल-नरखेडच्या संत्राबागा असोत, उमरेड-भिवापूरची काळी सपाट जमीन असो किंवा रामटेक-पारशिवनीकडे पेंचच्या जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांध्या असोत. जागलीला पर्याय नाही. एक कळप शिरला तरी महिन्याभराची मेहनत तुडवली जाते. त्यामुळे ‘कुंपण पुरत नाही, बंदूक द्या’ ही मागणी वारंवार होते. मागणी समजण्यासारखी आहे. पण ‘बंदूक’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तिथे अर्धवटच राहतो.

कायद्याने कशाला परवानगी आहे?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशात शिकारीला बंदी आहे. चितळ, सांबर, काळवीट किंवा चिंकारा छंद म्हणून किंवा मांसासाठी मारणे हा गुन्हा आहे. परदेशात हरणाच्या शिकारीसाठी कोणत्या कॅलिबरची रायफल चांगली, यावर रंगणाऱ्या चर्चा इथल्या हौशी माणसाच्या काहीच कामाच्या नाहीत.

अपवाद कलम ११ चा. जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरलेल्या, अनुसूची दोनमधील प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्रात रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला गेला आहे. मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, त्याचे मांस घरी नेता येत नाही.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. रोही म्हणजे नीलगाय. ती गाय नाही आणि चितळ-सांबरासारखे हरीणही नाही. चितळाची फांद्यांसारखी शिंगे गळून पुन्हा येतात. रोहीची आखूड, सरळ शिंगे कायमची असतात. ती काळविटापेक्षा आकाराने कितीतरी मोठी. काळवीट साधारण ३५-४० किलोचे, तर रोहीचा मोठा नर २०० किलोंच्या पुढे जातो. बंदुकीच्या निवडीत हा फरक महत्त्वाचा आहे.

शेतकऱ्याला रायफल मिळते का?

सर्वसाधारणपणे नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला वाटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे व्यवहारात १२ बोअर. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि दूर जाते. गुळगुळीत नळीतून सुटणारे छर्रे पसरतात आणि लवकर वेग गमावतात.

ज्यांच्याकडे रायफलचा परवाना आहे, त्यांच्याकडे बहुधा पॉइंट ३१५ बोअर असते. हे कॅलिबर भारतात रुळण्यामागे इतिहास आहे. सैन्याची पॉइंट ३०३ ची काडतुसे नागरी रायफलीत चालू नयेत, ही ब्रिटिशांची गरज होती. त्यातून ८ मिलिमीटरच्या जुन्या ऑस्ट्रियन काडतुसावर आधारलेले .३१५ नागरिकांसाठी आले. स्वातंत्र्यानंतरही पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ही रायफल बनत राहिली आणि तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीत. .३०३ आजही सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर आहे. थोडक्यात, विदर्भातल्या परवानाधारकाची ‘निवड’ प्राण्याकडे पाहून झालेली नाही, ती शंभर वर्षांपूर्वीच्या प्रशासकीय सोयीतून झालेली आहे.

कॅलिबर म्हणजे काय आणि ते किती सांगते?

कॅलिबर म्हणजे नळीचा आतील व्यास. .३१५ म्हणजे ०.३१५ इंच, सुमारे ८ मिलिमीटर. १२ बोअरचे गणित वेगळे आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर एका गोळीचा जो व्यास येईल तो १२ बोअर. म्हणून तिथे आकडा लहान झाला की नळी मोठी होते.

पण व्यास ही अर्धीच माहिती. गोळीची ऊर्जा तिच्या वजनावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. .२२ च्या साध्या काडतुसाची ऊर्जा नळीच्या तोंडाशी दीडशे जूलच्या आसपास असते. .३१५ ची गोळी जवळपास १६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६०० मीटरच्या थोडा वर. ऊर्जा सुमारे ३ हजार जूल. परदेशात हरणांसाठी सर्रास वापरली जाणारी .३०-०६ व्यासाने .३१५ पेक्षा किंचित लहान आहे, तरी वेगामुळे तिची ऊर्जा ४ हजार जूलच्या घरात जाते.

कायद्यात हे कसे आणायचे, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या १९९१ च्या हरीण कायद्यानुसार बहुतेक हरणांसाठी रायफल किमान .२४० कॅलिबरची आणि २,३०५ जूल ऊर्जेची असावी लागते. हेतू शिकाऱ्याची सोय हा नाही. कमी ताकदीच्या गोळीने प्राणी जखमी होऊन पळतो, दिवसेंदिवस तडफडतो, हे टाळायचे असते. आपल्याकडे पीकसंरक्षणासाठी कायदा ठासणीच्या बंदुकीपासून सुरू होतो आणि २०० किलोंच्या रोहीसाठी किमान ऊर्जा किती, याबद्दल बोलतच नाही.

जमीन बदलली की उत्तर का बदलते?

नागपूर जिल्ह्यातच तीन प्रकारची जमीन भेटते आणि तिन्हींचे उत्तर वेगळे आहे.

पहिली, नाल्याकाठची झुडपी जमीन. इथे प्राणी दिसतो तेव्हा तो ३०-४० मीटरवर असतो. दूरवर जाणाऱ्या वेगवान गोळीचा फायदा नसतो, उलट हलकी गोळी फांदीला लागून दिशा बदलू शकते. जवळच्या अंतरावर १२ बोअर चालते, पण त्यातही काडतूस महत्त्वाचे. पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे रोहीवर झाडणे म्हणजे तिला फक्त जखमी करणे. मोठ्या छऱ्यांचे काडतूससुद्धा ४० मीटरच्या पुढे भरवशाचे राहत नाही.

दुसरी, काटोल-नरखेडकडची चढउताराची जमीन. इथे अंतर वाढते. .३१५ ची गोळी १०० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे १५ सेंटिमीटर खाली येते, २०० मीटरला ६० सेंटिमीटरहून अधिक. .३०-०६ मध्ये २०० मीटरवरची ही घट जवळपास निम्मी असते. म्हणजे अंतर चुकीचे जोखले तर .३१५ ची गोळी छातीऐवजी पायाला लागते. मात्र या जमिनीचा एक फायदा आहे. प्राण्याच्या मागे टेकडीचा उतार असेल तर आरपार गेलेली गोळी मातीत थांबते.

तिसरी, आणि सर्वांत अवघड, उमरेड-कुही-भिवापूरकडची सपाट शेती. इथे दूरवर दिसते, त्यामुळे रायफल योग्य वाटते. प्रत्यक्षात हीच जागा रायफलसाठी सर्वांत धोकादायक आहे. मागे गोळी अडवणारे काहीच नाही. शेजारच्या शेतात दुसरा शेतकरी जागलीला असतो, पहाटे मजूर निघालेले असतात, पुढे वस्ती असते. मोठ्या रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, .२२ ची सुद्धा दीड-दोन किलोमीटर.

साधा हिशेब करून पाहता येतो. उभ्या माणसाच्या खांद्यावरची नळी जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि ४० मीटरवरच्या रोहीच्या छातीवर, म्हणजे एक मीटर उंचीवर, नेम धरला. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती त्याच रेषेत आणखी ८० मीटर पुढे जाऊन जमिनीला लागेल, तेही एक अंशाहून कमी कोनात. इतक्या तिरक्या कोनात गोळी रुतत नाही, उसळून पुढे जाते. तोच नेम चार मीटर उंच मचाणावरून धरला, तर गोळी प्राण्यामागे १३-१४ मीटरवर जमिनीत शिरते आणि कोन चार अंशांच्या पुढे जातो. उसळण्याचा धोका संपत नाही, पण कमी होतो. कॅलिबर तेच, रायफल तीच. चार बांबूंच्या मचाणाने जेवढा फरक पडला तेवढा महागड्या रायफलने पडला नसता.

अमेरिकेतील काही सपाट, शेतीप्रधान राज्यांनी हाच धोका ओळखून हरणांच्या शिकारीत नेहमीच्या वेगवान रायफलींवर बंधने ठेवली. ओहायोमध्ये दीर्घकाळ अशा रायफली नियमात नव्हत्या. २०१४ पासून कमी पल्ल्याच्या, सरळ बाजूंच्या काडतुसांच्या रायफली चालू लागल्या. जिथे बंदुका घरोघर आहेत, तिथेही जमीन पाहून शस्त्र ठरते.

मग उपाय काय?

पहिला मुद्दा, परवानगीच्या कागदावर प्राण्याबरोबर शस्त्र आणि जागाही लिहिली गेली पाहिजे. रोहीसाठी किमान ऊर्जा, रानडुकरासाठी कोणते काडतूस, जास्तीत जास्त किती अंतरावरून, आणि सपाट शेतात मचाणाशिवाय गोळी नाही, एवढ्या चार ओळी पुरेशा आहेत. त्या शेतकऱ्याच्या वाटेत अडथळा ठरणार नाहीत, शेजारच्या धुऱ्यावरच्या माणसाचे रक्षण करतील.

दुसरा, गोळी झाडणारा माणूस तपासलेला हवा. परवाना असणे आणि अंधारात टॉर्चच्या उजेडात अचूक नेम साधणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या करण्याचा मार्ग धरला. त्यातही अडचणी आहेत, पण कोण गोळी झाडणार हे आधी ठरलेले असते. तालुकानिहाय चाचणी दिलेल्या नेमबाजांची यादी नागपूर विभागातही करता येईल.

तिसरा, जखमी प्राण्याची जबाबदारी. गोळी लागून पळालेले रानडुक्कर दुसऱ्या दिवशी निंदणाला आलेल्या बायांच्या समोर येऊ शकते. त्याचा माग काढून काम पूर्ण करणे हे परवानगीचाच भाग असायला हवे, आणि त्यासाठी वनकर्मचारी सोबत हवा.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे. कळप रात्री दोनला येतो, पथक सकाळी अकराला. पण म्हणूनच पथक तालुक्यात, हंगामात आणि रात्री उपलब्ध असण्याची मागणी करायला हवी. पथक येत नाही म्हणून प्रत्येक धुऱ्यावर रायफल, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातला धडा अजून जुना झालेला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात अवनी ऊर्फ टी-१ वाघीण गोळीने मारली गेली. तिचे शवविच्छेदन नागपूरच्या गोरेवाड्यात झाले. त्यानंतरचा वाद रायफल किती ताकदीची होती यावर झाला नाही. गोळी कोणी, कोणत्या अधिकारात आणि कोणत्या परिस्थितीत झाडली, यावर झाला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनेही कार्यपद्धतीतील त्रुटींवर बोट ठेवले. वाघिणीबाबत हे प्रश्न देशाने विचारले. रोहीबाबत कोणी विचारत नाही, एवढाच फरक.

बंदूक नसेल तर?

बंदुकीची चर्चा टाळली तर त्याची किंमतही विदर्भ मोजतोच. हताश शेतकरी कुंपणात थेट वीजप्रवाह सोडतो. त्यात रोही मरते, वाघ मरतो आणि माणूसही. झटका मशीन आणि हे बेकायदा कुंपण यांत जीवन-मरणाचा फरक आहे. झटका मशीन क्षणभराचे, जीव न घेणारे स्पंदन देते. थेट जोडलेली तार जीव जाईपर्यंत प्रवाह देत राहते. सौर कुंपणासाठी राज्याच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. ते जंगलालगतच्या प्रत्येक गावात वेळेवर पोहोचले, तर बंदुकीपर्यंत जाण्याची वेळच अनेकांवर येणार नाही.

तरीही काही ठिकाणी गोळी झाडावी लागेल, हे मान्य करायला हवे. तिथे ‘कोणते कॅलिबर?’ हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर येतो. त्याआधी गोळीच्या मागे काय आहे, अंतर किती आहे आणि चाप ओढणारा कोण आहे, हे विचारावे लागते. या तिन्हींची उत्तरे परवानगीच्या कागदावर नसतील, तर .३१५ असो की .३०-०६, उमरेडच्या सपाट शेतात ती गोळी कुठे थांबेल हे कोणीच सांगू शकणार नाही.