उसाचे बिल आणि शेतकऱ्याची बुद्धी

निवडणुकीचा निकाल मनासारखा लागला नाही, किंवा एखादा मोर्चा अपेक्षेपेक्षा लहान निघाला, की आपल्या कार्यालयात एक वाक्य हमखास कानी पडते : "लोकांना कळतच नाही, त्याला आपण काय करणार?" हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर एकदोनदा स्वतःही उच्चारले आहे. कळणे म्हणजे नेमके काय, ते कसे घडते आणि कोणत्या परिस्थितीत घडत नाही, याचा शोध घेणारे एक शास्त्र गेली सत्तर वर्षे उभे राहत आहे. इंग्रजीत त्याला कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात. आपण बोधनविज्ञान म्हणू. निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा मी ते वाचू लागलो. ते वाचल्यानंतर वरील वाक्य उच्चारण्याचा धीर मला होत नाही. तो का होत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

या शास्त्राचा जन्म बहुधा ११ सप्टेंबर १९५६ या दिवशी झाला असे मानतात. त्या दिवशी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील एका परिसंवादात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर, भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि संगणकाकडून तर्कशास्त्रातील सिद्धता करवून घेणारे अॅलन नेवेल व हर्बर्ट सायमन यांनी एकाच व्यासपीठावरून आपापले निबंध वाचले. पुढे १९७८ साली एका प्रतिष्ठानाने या क्षेत्राचा आराखडा तयार करविला. त्यात मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र, मज्जाविज्ञान आणि संगणकशास्त्र अशी सहा शास्त्रे षट्कोनाच्या सहा कोपऱ्यांवर मांडली होती. त्या षट्कोनात अर्थशास्त्राला जागा नव्हती. आमच्या शास्त्राचा एकूण तोरा पाहता ते ठीकच झाले असे म्हणावे लागते!

परंतु जागा नसूनही या शास्त्राच्या मुळाशी अर्थशास्त्राशी झालेले एक भांडण आहे. हर्बर्ट सायमन १९३५ साली, विद्यार्थिदशेत असताना, मिलवॉकी या आपल्या गावातील क्रीडांगणांच्या कारभाराची पाहणी करीत होता. मुलांना खेळ शिकविणाऱ्यांवर किती खर्च करायचा आणि मैदानांच्या देखभालीवर किती, असा प्रश्न होता. पाठ्यपुस्तकातले उत्तर सोपे आहे : दोन्हीकडच्या शेवटच्या डॉलरपासून सारखाच लाभ मिळेल अशी वाटणी करावी. सायमनला आढळले की असा हिशेब तेथे कोणीही करीत नव्हते आणि कोणाला तो करता येण्यासारखाही नव्हता. शाळामंडळाचे लोक आपल्या जागेवरून जग पाहत होते, नगराच्या बांधकाम खात्याचे लोक आपल्या जागेवरून. यातूनच पुढे त्याचा सिद्धांत आला : माणसाची विवेकशक्ती मर्यादित असते, त्याच्याजवळ माहिती अपुरी असते, वेळ त्याहून अपुरा असतो, म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधीत बसत नाही, पुरेसा वाटणारा पर्याय मिळाला की थांबतो. १९७८ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि अर्थशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवून पुन्हा आपले जुने समतृप्ती वक्र काढावयास घेतले. त्यांत मीही होतो. तीस-पस्तीस वर्षे मी फळ्यावर ते वक्र काढले आणि सायमनला वर्षातून एक तास दिला, तोही परीक्षेत प्रश्न येत नाही असे सांगून.

आता आपल्या परंपरेतले एक उदाहरण घेऊ. अलेक्झांडर लुरिया हा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३१ व १९३२ साली उझबेकिस्तान आणि किरगिझियाच्या खेड्यांत गेला. सामूहिक शेती व साक्षरता यांमुळे माणसांच्या विचार करण्याच्या पद्धतीत काय फरक पडतो हे त्याला पाहावयाचे होते. त्याने निरक्षर शेतकऱ्यांना कोडे घातले. दूर उत्तरेला, जेथे बर्फ असते, तेथे सर्व अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. तर तेथील अस्वलांचा रंग कोणता? शाळेची एकदोन वर्षे झालेल्या तरुणांनी उत्तर दिले. निरक्षर शेतकऱ्यांचे म्हणणे वेगळे पडले : आम्ही तेथे गेलो नाही, जे पाहिले नाही त्याबद्दल कसे बोलावे, ज्याने पाहिले असेल त्याला विचारा. मॉस्कोत लुरियावर टीका झाली ती अल्पसंख्य जमातींची बदनामी केल्याची, आणि ही सामग्री सविस्तर प्रसिद्ध व्हावयास १९७४ साल उजाडले. टीकाकारांचे मला पटत नाही, पण लुरियाचेही पूर्णपणे पटत नाही. अनोळखी माणूस शहरातून येतो, कोडे घालतो आणि आपल्या डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीबद्दल आपल्याकडून ग्वाही मागतो, अशा वेळी ती नाकारणे याला अडाणीपणा म्हणावे काय? सभेत भाषण ठोकणाऱ्या कित्येकांना हा संयम शिकविण्यासारखा आहे.

१९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरातल्या एका अभ्यासाने हा प्रश्न अधिक नेमका केला. रस्त्यावर नारळ, फळे, भाजी विकणाऱ्या पाच मुलांना प्रथम गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले गेले. पस्तीस क्रुझेरोंना एक नारळ, तर दहा नारळांचे किती? बारा वर्षांचा मुलगा तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे दोनशे दहा, असे टप्प्याटप्प्याने करीत तीनशे पन्नासवर पोचला. गिऱ्हाइकी प्रश्नांपैकी ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर तशीच गणिते त्याच मुलांना कागद-पेन्सिल देऊन घातली. शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के आणि नुसत्या आकड्यांत अवघी ३७ टक्के उत्तरे बरोबर निघाली. डोके तेच, गणित तेच, प्रसंग तेवढा बदलला. २०२५ साली एस्तर दुफ्लो, अभिजित बॅनर्जी, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिवाय शाळेत हिशेब येणारी मुले बाजारातील हिशेबात अडखळतात असेही दाखविले. आपल्याकडे एके काळी पावकी, निमकी, दिडकी, औटकी मुलांच्या तोंडी होत्या आणि त्या थेट बाजारात उपयोगी पडत. दशमान नाणी आणि मापे आली, त्या गेल्या. त्या परत आणाव्यात असे मी म्हणत नाही. परंतु शाळा आणि बाजार यांमधला तो पूल होता आणि त्याच्या जागी दुसरा बांधला गेला नाही.

ज्या संशोधनामुळे मी हा लेख लिहावयास बसलो, ते मात्र उसाचे आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्दार शफीर आणि जिआयिंग झाओ या अर्थशास्त्रज्ञ-मानसशास्त्रज्ञांनी तामिळनाडूतील ५४ गावांतल्या ४६४ लहान ऊस उत्पादकांची पाहणी केली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उसाचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. तोडणीपूर्वी घरात चणचण, दागिने गहाण, उसनवारी. तोडणीनंतर काही महिने सुटका. एकाच शेतकऱ्याची बुद्धीची चाचणी दोन्ही वेळा घेतली, तर पैसे येण्यापूर्वी त्याची उत्तरे अधिक चुकली आणि अधिक वेळ लागला. कोणाचा ऊस केव्हा तुटायचा हे कारखान्याच्या क्रमावर ठरते, तेव्हा हा ऋतूचा परिणाम म्हणून सोडून देता येत नाही. लेखकांचे स्पष्टीकरण असे की, पैशाची काळजी मनाची जागा व्यापते आणि उरलेल्या जागेत बाकीचा विचार करावा लागतो. दुसऱ्या शब्दांत, माणूस मूर्ख असल्यामुळे गरीब राहतो या म्हणण्यातला कार्यकारणभाव उलटा आहे.

येथे टाळ्या वाजविण्याची घाई करू नये. २०१६ साली अमेरिकेतील अल्प उत्पन्न कुटुंबांवर झालेल्या अशाच तपासणीत पगाराच्या आधी आणि नंतर बुद्धीच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. महिन्यापंधरवड्याची ओढाताण आणि वर्षभराची ओढाताण सारखी नसेल. वाद अजून चालू आहे. शिवाय तामिळनाडूतील प्रयोग ऊसमालकांवर झाला. मुकादमाची उचल घेऊन, मुलेबाळे घेऊन फडात आलेल्या कोयत्याचे डोके त्यात मोजलेले नाही.

सरकारांनी या साऱ्यातून काय उचलले ते पाहण्यासारखे आहे. २००८ साली रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांचे पुस्तक आले. माणूस चुकतो, तेव्हा कायदा न करता, पैसा न खर्चता त्याला हळूच कोपरखळी द्यावी, हा त्याचा सारांश. २०१० साली ब्रिटनने, एकीकडे खर्चकपात चालू असतानाच, त्यासाठी खास पथक नेमले. आपल्या २०१८-१९च्या आर्थिक पाहणी अहवालातही या कोपरखळीवर एक आख्खे प्रकरण आहे. कोपरखळी वाईटच असते असे नाही. परंतु मन दडपणाखाली चुकते हे मान्य करून दडपण जसेच्या तसे ठेवावयाचे आणि दडपलेल्या माणसाला शहाणपणाचे संदेश पाठवावयाचे, ही स्वस्तातली अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी महाग आहे. थेलरने स्वतःच सरकारी अडथळ्यांना गाळ असे नाव दिले आहे. आधारजोडणी, ई-केवायसी, न जुळणारा अंगठ्याचा ठसा, पुन्हा तहसील, पुन्हा बँक : ज्याच्या डोक्यात जागा सर्वांत कमी उरली आहे त्याच्यावरच आपण ही सर्वाधिक कामे लादतो आणि तो चुकला की यादीतून नाव कमी करतो.

उसापुरते बोलावयाचे तर कायदा आजही आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६चा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, उशीर झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने हे पैसे दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली आणि २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. या वादात दोन्ही पक्षांनी बोलणे केले ते रुपयांचे. थकलेल्या प्रत्येक आठवड्यात त्या घरात निर्णयही घेतले जात असतात : मुलीचे शिक्षण पुढे चालवायचे की नाही, दुखणे अंगावर काढायचे की दवाखाना, सोसायटीच्या कर्जाचे नवेजुने करायचे की सावकार. ते निर्णय अशा वेळी घ्यावे लागतात, जेव्हा डोक्यात दुसऱ्या कशाला जागा नसते. त्यांचे व्याज कोणत्याच मागणीपत्रात नाही.

म्हणून ऊस पट्ट्यातील कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावात दहा घरे निवडावीत, एकदोन फडातल्या कोप्याही घ्याव्यात, आणि ऊस केव्हा गेला, पैसे केव्हा आले आणि मधल्या दिवसांत त्या घराने काय काय ठरविले, याची तारीखवार नोंद ठेवावी. प्रयोगशाळा लागत नाही. शंभर पानी वही पुरते. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा वह्या त्याआधी गावी पोचल्या पाहिजेत.