मालक या शब्दाचे दोन अर्थ

आपल्या मराठी विभागांतून 'वाचकाचा अधिकार' ही संकल्पना आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी कोणी वादही घालत नाही. रोलाँ बार्त यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली, ती यथावकाश आपल्यापर्यंत पोचली, अभ्यासक्रमात बसली आणि परीक्षेत पंधरा गुणांचा प्रश्न झाली. संहिता पूर्ण करतो तो वाचक, हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाने फळ्यावर तरी लिहिले आहे किंवा उत्तरपत्रिकेत तरी. मात्र हे वाक्य शिकवून महाडच्या नाक्यावर येणारा अध्यापक ज्या वाहनात बसून घरी जातो, त्या वाहनाच्या बाबतीत हाच विचार लागू करावा असे त्याला कधी वाटत नाही. तिथे कर्ता जिवंत आहे, सर्वाधिकारी आहे आणि त्याच्या संहितेत काना-मात्रेचा बदल करणाऱ्यास शिक्षा आहे. या विसंगतीकडे आम्हांस लक्ष वेधायचे आहे. वाहन हा साहित्याभ्यासाचा विषय नव्हे, असे म्हणून ज्यांना इथेच थांबायचे असेल त्यांनी किमान पुढचा परिच्छेद वाचावा, कारण तो भाषेविषयी आहे.

१९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने 'बजाज टेम्पो' स्थापन केली आणि 'हानझेआट' ही तीनचाकी मालगाडी इथे बनू लागली. हानझेआट हे नाव मराठी जिभेने साफ नाकारले; कंपनीचे नाव मात्र उचलले आणि सामान वाहणाऱ्या यच्चयावत गाडीला लावून टाकले. पुढे २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केले. टेम्पो हा शब्द कंपनीने सोडला, महाराष्ट्राने सोडला नाही. आजही दुसऱ्याच कारखान्याची चारचाकी 'टेम्पो' म्हणून भाड्याने ठरते. याच कंपनीने नव्वदच्या दशकात आणलेली 'मिनीडोर' रायगड जिल्ह्यात असेच सामान्यनाम होऊन बसली. लखनौच्या सरकारी कारखान्याची 'विक्रम' तिच्या जोडीला आली. 'स्टेपनी' तर वेल्समधल्या लानेली गावाच्या एका रस्त्याचे नाव. ते पोलादपूरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी असे बसले आहे की परके वाटत नाही. नामकरणाचा अधिकार, म्हणजे कर्तेपणाचा पहिला हक्क, वापरणाऱ्यांनी असा परस्पर घेऊन टाकला. प्रश्न आहे तो दुसऱ्या हक्काचा: वस्तू कशी असावी हे सांगण्याचा.

हा प्रश्न महाड-पोलादपुरातच का विचारावा? मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही गावांतून जातो. पण पोलादपुरातून रेल्वे जात नाही. महाडहून वरंध घाटाने भोरकडे, पोलादपुरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे आणि कशेडी घाटाने खेडकडे वाटा निघतात. सावित्रीचे खोरे, तीन बाजूंचे चढ आणि कोकणातला धुवांधार पाऊस यांत वाडीवस्तीवरून बाजाराला, दवाखान्याला, महाविद्यालयाला येणाऱ्याची मदार एस.टी.च्या मोजक्या फेऱ्यांवर आणि उरलेल्या वेळी मिनीडोर, विक्रम किंवा जीपवर असते. ज्या गावाच्या नावातच पोलाद आहे आणि जिथे 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तिथे लोखंड आणि अक्षर यांचा विचार एकत्र करणे अप्रस्तुत मानले जाऊ नये.

तीनचाकी वाहनाचा आधार त्रिकोणी असतो: मागे दोन चाकांची रुंदी, पुढे एका चाकाचे टोक. सपाट रस्त्यावर आणि गावातल्या बोळांत ही रचना सोयीची, कारण गाडी थोड्या जागेत वळते आणि स्वस्तही पडते. परंतु उताराच्या वळणावर ब्रेक दाबला की भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि गाडी कलंडण्याची शक्यता नेमकी तिथेच वाढते. छपरावर तांदळाची पोती असतील तर गुरुत्वमध्य आणखी वर जातो. हे सांगायला अभियंता लागत नाही. घाटात दहा वर्षे गाडी चालवलेला कोणीही हे आपल्या शब्दांत सांगेल. पण ही गाडी कोणत्या रस्त्यासाठी आखली गेली, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: शहरासाठी आणि सपाटीसाठी. घाटावरचा माणूस तिचा नंतरचा वाचक आहे. कर्त्याच्या मनात तो नव्हता.

रचना रस्त्यापासून सुरू होऊ शकते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. १९४६ साली इटलीत कोरादिनो दास्कानियो यांनी व्हेस्पा आखली. ते विमानांचे अभियंते. मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. युद्धाने उखडलेले रस्ते आणि वारंवार होणारे पंक्चर लक्षात घेऊन त्यांनी पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, म्हणजे ते चटकन काढता यावे. तीच रचना बजाजच्या परवान्यातून आणि १९७२ पासून 'चेतक'मधून आपल्याकडे आली आणि आपल्या रस्त्यांना मानवली, कारण वाईट रस्ते सगळीकडे सारखेच वाईट असतात. अर्थात याच चेतकचे इंजिन उजव्या अंगाला होते. गाडी सुरू होईना की मालक तिला डावीकडे कलती करून मग किक मारी. एका अख्ख्या पिढीने हा संस्कार पाळला. कारखान्याला तो ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. पण गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून उभ्या असलेल्या ग्राहकाचे ऐकण्याची गरज कोणत्याही कारखान्याला वाटत नाही.

उदारीकरणानंतर हे बदलेल, बाजार ग्राहकाचे ऐकेल, असे आपणांस सांगण्यात आले. बाजार ऐकतो, पण त्याला दोनच शब्द कळतात: 'घेतली' आणि 'नाही घेतली'. का घेतली नाही, हे वाक्य त्याला ऐकू येत नाही. २००९च्या अखेरीस बजाज ऑटोने स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी त्याबद्दल आपली खंत उघड बोलून दाखवली. पिता-पुत्रांतला हा मतभेद वर्तमानपत्रांत गाजला. कोणती गाडी बनावी याविषयी महाराष्ट्रात इतक्या जाहीरपणे झालेला दुसरा वाद आम्हांस आठवत नाही, आणि तोही घरातल्या दोन मालकांमधला! लाखो स्कूटरींचे लाखो मालक त्यात कुठेच नव्हते. २०२० साली चेतक विजेवर परतली तेव्हा तिच्या जाहिरातींतून आठवणींना आवाहन झाले. स्मरणरंजनासाठी जुना मालक उपयोगी पडतो, सल्ल्यासाठी नाही.

मराठी भाषा इथे एक गंमत करते. कारखान्याचा तो मालक आणि गाडीचाही मालक. 'चालक-मालक संघटना' हा शब्दप्रयोग प्रत्येक नाक्यावरच्या फलकावर आहे. पण एका मालकाकडे आराखडा आहे आणि दुसऱ्याकडे हप्ते. दुसरा मालक मग जे करतो, ते आपण सर्वांनी पाहिले आहे: छपरावर कॅरिअर बसवतो, पावसासाठी ताडपत्रीचे पडदे शिवून घेतो, ड्रायव्हरशेजारी फळी टाकतो, पाटे वाढवून घेतो. आमचे म्हणणे असे की ही समीक्षा आहे. कॅरिअर म्हणतो, या गाडीत माणसांबरोबर माल जातो हे तुम्ही विसरलात. पडदा म्हणतो, इथे पाऊस आडवा येतो. ही समासातली टिपणे आहेत आणि ती वाचण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत.

कायद्याने ती वाचली, पण गुन्हा म्हणून. नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली.

यावर पहिला आक्षेप येईल तो सुरक्षिततेचा, आणि तो आम्ही पूर्णपणे मान्य करतो. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले, एक वाचला. त्या घाटाविषयी लिहिताना सुरक्षिततेबद्दल हलकेपणाने बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. शेजारची फळी आणि छपरावरची पोती माणसे मारू शकतात. म्हणूनच, गावठी युक्त्यांचे 'जुगाड' म्हणून कौतुक करणाऱ्या आमच्या काही मित्रांशीही आमचे भांडण आहे. घाटात उसवलेल्या गाडीला लोककला म्हणणे हा शहरी माणसाचा विलास आहे. त्याला त्या गाडीत बसून घरी जायचे नसते.

पण आक्षेप मान्य केल्यावर त्यातून काय निघते ते पाहावे. वाचकाला समासात लिहिण्याची बंदी असेल, तर संहिता पक्की होण्यापूर्वी त्याला विचारण्याचे बंधन कर्त्यावर येते. नंतर बदल चालणार नाही, असे म्हणणाऱ्याने आधी ऐकले पाहिजे. आपल्या व्यवस्थेने यातला पूर्वार्ध कायद्यात लिहिला आणि उत्तरार्ध निर्मात्याच्या मर्जीवर सोडला. २०१९च्या दुरुस्तीत सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली, हे खरे. ठराविक प्रमाणात मालकांनी दोष कळवले तर सरकार निर्मात्याला तसा आदेश देऊ शकते. पण ती गाडी रस्त्यावर आल्यानंतरची गोष्ट आहे, आणि 'दोष' आणि 'इथल्या रस्त्यासाठी चुकीची निवड' यांत फरक आहे. निर्दोष बनलेली गाडीही वरंध घाटाला अयोग्य असू शकते. ही तक्रार नोंदवायला अर्जात रकाना नाही.

आणि इथे आमचा, म्हणजे साहित्याच्या लोकांचा, संबंध येतो. हा संवाद होत नाही याचे एक कारण असे की त्याची भाषा कोणी सिद्ध केलेली नाही. वाहनांची चाचणी करणारी संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, कारखाने पुण्यात आहेत, पण मानके, अहवाल, आराखडे सगळे इंग्रजीत. चालकाची भाषा मराठी आहे आणि ती अचूक आहे. 'इंजिन ओढत नाही' आणि 'स्टेअरिंग ओढते' या दोन वाक्यांत एकच क्रियापद आहे. पहिल्यात त्याचा अभाव हा दोष, दुसऱ्यात त्याचे असणे हा दोष. 'ब्रेक लागतो पण धरत नाही' या वाक्यातला फरक उताराच्या ओल्या रस्त्यावर जन्माला आला आहे. या शब्दांचा कोश आमच्या कोणत्या विभागाने केला? बोलींच्या अभ्यासासाठी आपण जात्यावरच्या ओव्यांपर्यंत जातो, ते योग्यच आहे. पण नाक्यावरची बोली आपल्याला बोली वाटत नाही, कारण तिला डिझेलचा वास येतो.

हे आजच सांगण्याचे कारण आहे. तीनचाकी वाहने विजेवर जात आहेत; म्हणजे नवी संहिता लिहिली जात आहे. जड बॅटरी तळाशी ठेवली तर गुरुत्वमध्य खाली येतो, हा घाटाच्या फायद्याचा. चढावर मात्र ती झपाट्याने उतरते. पाणी तुंबलेल्या रस्त्यावर तिचे काय, भर पावसात वीज गेलेल्या वाडीवर चार्जिंगचे काय, हे प्रश्न महाडने विचारायचे आहेत. आपल्याच जिल्ह्यात माथेरानला हातरिक्षा ओढणारे ई-रिक्षा मागत न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात रस्त्यावर कोणते ब्लॉक बसवावेत याचाही खल झाला. गाडीसाठी रस्ता बदलायचा की रस्त्यासाठी गाडी, हा प्रश्न तिथे न्यायालयाच्या दारी पोचला. पोलादपूरच्या चालकाला तिथवर जावे लागू नये.

आमची मागणी मोठी नाही. कोणतेही प्रवासी वाहन डोंगराळ तालुक्यांत विकण्यापूर्वी तिथल्या चालक-मालकांसमोर ते उभे करावे, त्यांच्या रस्त्यावर त्यांच्या हातून चालवून पाहावे, त्यांचे म्हणणे मराठीत लिहून घ्यावे आणि त्यातले काय स्वीकारले, काय नाकारले, कशासाठी, याचे लेखी उत्तर मराठीतच द्यावे. लिहून घेण्याचे काम महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांतले मराठीचे विद्यार्थी करू शकतील. प्रकल्पासाठी पुन्हा एकदा एखाद्या कादंबरीतील निसर्गवर्णन निवडण्यापेक्षा ते अधिक कष्टाचे आणि अधिक उपयोगाचे होईल. वाचकाच्या अधिकारावरचे आमचे प्रेम खरे असेल, तर तो अधिकार ज्याला सर्वांत महाग पडतो त्या वाचकापासून सुरुवात करावी. तो रोज सकाळी नाक्यावर उभा असतो, आणि हप्ता त्याचाच असतो.