ऊस थांबेल, उपचार थांबता कामा नये



आपल्या या अंकात लागणीच्या तारखा, बेणे, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा, साखर उतारा अशा विषयांवर जाणकार मंडळी लिहितात आणि आपण ते आवडीने वाचतो. मी डॉक्टर नाही की लेखक नाही. अडीच एकर ऊस असलेला साधा सभासद आहे. पण मागच्या हंगामात माझ्या हातून एक चूक झाली. तशी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

हंगामाच्या तोंडावर माझ्या कुटुंबास गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. ऑपरेशनची वेळ गेली होती. डॉक्टरांनी सांगितले, सोमवार ते शुक्रवार रोज शेक, असे पाच आठवड्यांत पंचवीस शेक. त्याच पाच आठवड्यांत आठवड्यातून एक दिवस केमो, म्हणजे सलाईनमधून औषध. मग आतून द्यायचे शेक. आपल्याकडे लोक ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते रेडिएशन. सगळे मिळून आठ आठवड्यांच्या आत पुरे झाले पाहिजे, हे त्यांनी दोनदा बजावून सांगितले. मी मान हलवली. कागद घडी करून खिशात ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात तोडीची चिठ्ठी आली. टोळी फडात उतरली. सोमवारचा शेक झाला होता. मंगळवारी सकाळी मी तिला म्हटले, "जायचं का?" ती म्हणाली, "अवो, ऊस जाऊ द्या आधी. वर्षाचं पीक हाय. मी काय कुठं पळून जाते व्हय?" खरे सांगायचे तर मला तेच ऐकायचे होते. मंगळवार ते शुक्रवार चार दिवस गेले. शनिवार-रविवार मशीन बंद. म्हणजे सहा दिवस विनाउपचार. ऊस चांगला भरला. वजनाच्या पावत्या नीट लावून ठेवल्या. सोमवारी हॉस्पिटलात गेलो, तर डॉक्टरांनी कार्ड पाहिले आणि एवढेच विचारले, "हे चार दिवस आता कुठून आणायचे?"

त्यांनी मग समजावून सांगितले. शेकाने रोगाच्या पेशी मरतात, पण सगळ्या एका दिवसात मरत नाहीत. रोज थोड्या थोड्या मारत न्यायच्या असतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढीला लागतात. मला तेव्हा आपलेच उदाहरण आठवले. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा म्हणून आपण किती धडपडतो! वाहन फडात अडकले तर चिटबॉयपासून शेतकी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना फोन करतो. का, तर ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. मग जे उसाला कळते, ते घरच्या माणसाच्या बाबतीत आपल्याला का कळू नये?

म्हणून माझे पहिले आणि मुख्य म्हणणे असे की, बायकोच्या उपचाराच्या काळात तिच्याबरोबर नवऱ्याने स्वतः गेले पाहिजे. पोराला पाठवले, भावाला पाठवले, गाडी करून दिली, एवढ्याने भागत नाही. ही बाईमाणसे स्वतःसाठी काही मागत नाहीत. "मी बरी हाय" हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्या उत्तरावर विसंबून राहणे म्हणजे सोयीपुरते बहिरे होणे. मी झालो होतो.

बरोबर जाऊन करायचे काय, असे कोणी विचारील. काम भरपूर आहे. ओटीपोटाच्या शेकाआधी बहुधा पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात. पिशवी भरली की आतडी वर सरकतात आणि शेकाची झळ त्यांना कमी बसते. तेव्हा बाटली किती वाजता द्यायची, आत नंबर कधी आहे, हे कोणीतरी बघावे लागते. शेकाच्या जागी कातडीवर खुणा करतात, त्या घासून पुसायच्या नाहीत. तिथे तेल, हळद, पाला काही लावायचे नाही. सैल सुती कपडा घालायचा. केमोच्या औषधाने मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून सांगितले असेल तितके पाणी दिवसभरात पोटात गेले की नाही, याचा हिशेब ठेवायचा. रक्ताची तपासणी वेळेवर करायची. अंगात रक्त कमी असेल तर शेकाचा गुणही कमी येतो, म्हणून डॉक्टर प्रसंगी रक्त चढवतात. मी यासाठी शंभर पानी वही केली. जशी खताची आणि पाण्याची नोंद ठेवतो तशी. तारीख, शेक कितवा, जेवण किती, उलट्या किती, जुलाब किती, ताप किती. डॉक्टर ती वही मागून घ्यायचे.

तापाची गोष्ट ध्यानात ठेवा. तणनाशकाची झळ जशी थोडीफार पिकालाही लागते, तसे केमोचे आहे. रोगाबरोबर रक्तातल्या चांगल्या पेशींनाही ते मारते आणि अंगाची प्रतिकारशक्ती उतरते. अशा वेळी ताप शंभरच्या वर, म्हणजे १००.४ अंशांपर्यंत गेला, की घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचे. घरात तापमापी नसेल तर आजच आणा. हात लावून ताप ओळखण्याचे हे दिवस नव्हेत.

दुसरे, चोरून काढे-चूर्णे देऊ नका. पाव्हणे येतात, प्रत्येकाच्या खिशात एक वैदू असतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण कशात काय आहे हे कळत नाही आणि मूत्रपिंड आधीच ताणलेले असते. जे काही द्यायचे ते डॉक्टरांना विचारून द्या. देवाला नवस जरूर बोला, पण शेकाचा दिवस सोडून जत्रेला जाऊ नका.

तिसरे, विटाळ पाळू नका. हा रोग हाताला हात लागून किंवा ताटात जेवून होत नाही. बाहेरून मशीनने शेक घेतलेल्या बाईच्या अंगात काही उरत नाही. नातवंडाला तिच्या मांडीवर खुशाल बसू द्या. आमच्या शेजारी एकीने आमच्याकडचा चहा बंद केला. कुटुंबाला दुखण्यापेक्षा ते जास्त लागले. हा कुणाच्या पापाचा भोग आहे, असेही काहीजण आडून बोलतात. बहुतेक वेळा हा रोग एका विषाणूमुळे होतो, आणि तो विषाणू इतका सर्रास असतो की कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. नवरा-बायकोच्या संबंधाचे काय, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नये. आम्ही लाजलो आणि उगाच मनात कुढत बसलो.

आता घरातले काम. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी मऊ भात, मुगाचे वरण आणि ताक करायला शिकलो. भाकरी अजून जमत नाही, नकाशा होतो. चावडीवर टिंगल झाली, "पाटील चुलीला लागले." होऊ द्या. मी त्यांना विचारतो, तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या किती गड्यांना आपण या तालुक्यात पाहिले? त्या प्रत्येकाची बायको महिनोन् महिने हॉस्पिटलच्या जिन्यात बसली, नळीने दूध घातले, घरी येऊन धाराही काढल्या. तिचे कौतुक कोणी केले? ते तिचे कर्तव्यच, असे आपण धरून चाललो. मग तिच्यावर वेळ आली तर ते आपले कर्तव्य का नव्हे?

पैशाचे म्हणाल, तर घाबरून जमीन गहाण टाकण्याआधी चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार होतो. त्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक येतात. मात्र हॉस्पिटल त्या योजनेतले असले पाहिजे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. एसटीत बायकांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे. रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो. मुंबईचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून रुग्णांची सेवा करीत आहे, पण प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. शेकाला रोज जावे लागते, म्हणून सोय असेल तर जवळचे ठिकाण बरे, असे डॉक्टरच सांगतात. मात्र रोज दोन-दोन तासांचा प्रवास करण्यापेक्षा पाच आठवडे तिथेच खोली घ्यावी. आम्ही चुकीनंतर तेच केले.

पण खोली घेऊन राहायचे तर मागे शेत कोण बघणार, जनावरे कोण बघणार? इथे एकट्या माणसाचे चालत नाही. आपल्याकडे सावड होती. एकाच्या रानात सगळे, मग दुसऱ्याच्या रानात सगळे. पेरणीला सावड करतो, मग आजारपणात का नाही? माझ्या भावकीतल्या दोघांनी आणि शेजारच्या एका सभासदाने उरलेले तीन आठवडे पाण्याची पाळी आणि गोठा सांभाळला. त्यांच्या जिवावर पुढचा एकही शेक चुकला नाही.

आणि आता आपल्या कारखान्याबद्दल. मा. चेअरमनसाहेब आणि संचालक मंडळाला माझी नम्र सूचना आहे. ज्या सभासदाच्या घरी असा उपचार चालू आहे, त्याने हॉस्पिटलचा तारखांचा कागद गट ऑफिसला दिला, तर त्याच्या तोडीच्या वेळी त्याने लेखी नेमलेल्या शेजाऱ्याची सही आणि हजेरी ग्राह्य धरावी. शेतकी खात्याच्या माणसाने त्या फडावर एकदा जास्तीचा फेरा मारावा. एवढेच. मी पाळी मोडून पुढचा नंबर मागत नाही. लागणीच्या नोंदीप्रमाणे ज्याचा नंबर त्याला, हे बरोबरच आहे. काहीजण म्हणतील, अशाने जो तो आजाराचे कागद घेऊन येईल. येणार नाही. कर्करोगाचा खोटा कागद आणण्याइतके आपले सभासद हलके नाहीत, आणि यात टनाला एक रुपयाही जास्त मिळत नाही. सहकाराचा अर्थ केवळ एका वजनकाट्यावर ऊस घालणे एवढाच असेल, तर आपल्यात आणि खाजगी कारखान्यात फरक तो काय?

शेवटी एक. साथ द्यायची ती उपचार सुरू झाल्यावर नव्हे, त्याआधीच. पाळी जाऊन वर्षे झाल्यावरही अंगावर जात होते, ते तिने सहा महिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून टाटा आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यात असे दिसले की, विषाणूची एकदा चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्यासारख्याच खेड्यांतल्या बायका होत्या त्या. तिशीच्या पुढच्या बाईची तपासणी करून घ्या. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लशीचे आरोग्य केंद्रात विचारा.

माझ्या कुटुंबाची दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे. आजवर ठीक आहे. परवा तिनेच ती वही काढली. त्या चार दिवसांच्या रिकाम्या ओळी बघून म्हणाली, "हितं काय लिवलं न्हाई वाटतं." मी म्हटले, ते आता कारखान्याच्या अंकात लिहितो. म्हणून लिहिले. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद